चौरस जागच्या जागी फिरवताना

इंजिनीअरिंगच्या दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर ग्राफिक्सच्या प्रॅक्टिकलला पडद्यावरचा एक चौरस ४५ अंशांत फिरवायचा होता. कोपरे (१००,१००), (२००,१००), (२००,२००) आणि (१००,२००); पडद्याचा (०,०) डावीकडे वरच्या कोपऱ्यात. फिरवण्यासाठी बिंदूला जिने गुणायचं ती कोस-साइनची दोन बाय दोनची मॅट्रिक्स, म्हणजे आकड्यांची चौकट, मला तोंडपाठ होती. अंशांचे रेडियन (प्रोग्रामला लागणारं कोनाचं माप) करायला विसरले होते, ते लगेच सापडलं. तरीही चौरस डावीकडे खाली घसरला आणि अर्धा पडद्याबाहेर गेला.

सूत्र दहा वेळा तपासलं. शेवटी घरी आलेख कागद घेऊन बसले. वहीच्या पुठ्ठ्याचा चौरस कापला, त्याला लांब पट्टी चिकटवली आणि पट्टीचं दुसरं टोक कागदाच्या शून्य-शून्यवर टाचणीने टोचलं. पट्टी फिरवली तेव्हा चौरसही तिच्याबरोबर त्या टाचणीभोवतीच गेला. मॅट्रिक्सचं काही चुकलंच नव्हतं! तिला फिरवणं माहीत आहे ते फक्त आरंभबिंदूभोवती, म्हणजे (०,०) भोवती.

म्हणजे चौरसाचा मध्य (१५०,१५०) आधी आरंभबिंदूवर आणायचा, फिरवायचं आणि परत जागेवर नेऊन ठेवायचं. पण सरकवणं दोन बाय दोनच्या मॅट्रिक्सला जमतच नाही, कारण (०,०) ला कशानेही गुणलं तरी (०,०) च उरतं. म्हणून प्रत्येक बिंदूला तिसरा आकडा १ जोडतात, मॅट्रिक्स तीन बाय तीनची होते आणि किती सरकवायचं ते तिसऱ्या स्तंभात बसतं. तो १ कशासाठी, हे मला त्या दिवशी खरं पटलं.

पुढची चूक क्रमाची. तिन्ही मॅट्रिक्स मी डावीकडून उजवीकडे, मनात आल्या तशा लिहिल्या. पडदा कोरा! बिंदू स्तंभात मांडला की त्याच्या सगळ्यात जवळची, उजवीकडची मॅट्रिक्स आधी लागते. माझा चौरस आधी १५० ने पुढे गेला, मग फिरला, मग १५० ने मागे आला, आणि त्याचा मध्य थेट (−१५०,२७४) वर पोचला. क्रम उलटा केल्यावर (१००,१००) चा कोपरा बरोबर (१५०,७९) वर आला.

मग हौसेने एकेक अंश करत पूर्ण फेरी घ्यायला लावली, तर चौरस वेडावाकडा होत गेला. दर वेळी उत्तराचा अपूर्णांक कापून तेच कोपरे मी पुढच्या अंशाला वापरत होते. आता मूळ कोपरे तसेच ठेवले; त्यांनाच १ अंशाची, २ अंशांची, ३ अंशांची नवी मॅट्रिक्स लावत गेले आणि पूर्णांक केले ते फक्त रेघ काढताना. ३६० व्या वेळी पहिला कोपरा परत (१००,१००) वर येऊन थांबला.