सौजन्याची पूर्वतयारी

काउंटरच्या काचेला बोलण्यासाठी जे गोल भोक पाडलेलं असतं, ते नेमक्या कुठल्या उंचीच्या माणसासाठी असतं कोण जाणे. उंच माणसाला कमरेत वाकावं लागतं, बुटक्याला टाचा वर कराव्या लागतात आणि आतल्याला खुर्चीतून अर्धवट उठून कान पुढे करावा लागतो. एवढी कसरत करून पहिलं वाक्य आत जातं ते बहुतेकदा 'अहो, कधीपासून उभा आहे मी!' हेच. आतल्याला ते ठाऊक असतं. रांग त्यालाही दिसत असते; किंबहुना दिवसभर त्याला तेवढंच दिसतं.

रांगेचा हा एक तोटा आहे. पाय दुखतात ते वेगळंच, पण डोक्यात भांडणाची तालीम सुरू होते. तो असं म्हणाला तर मी तसं म्हणेन, त्यावर त्याने हात झटकले तर मी साहेबांचं नाव काढेन. नंबर लागेपर्यंत सगळे संवाद तोंडपाठ झालेले असतात आणि आतल्याने नुसतं 'हं, बोला' म्हटलं तरी आपण थेट तिसऱ्या अंकापासून सुरुवात करतो.

वास्तविक त्या रागाचा धनी तो नसतोच. नियम कुणी भलत्यानेच केलेला, फॉर्म दुसऱ्याने छापलेला, संगणकाचं काम तिसऱ्याला दिलेलं आणि खिडक्या बांधून त्यातल्या निम्म्या बंद ठेवायच्या हे चौथ्याने ठरवलेलं. या चौघांपैकी एकही खिडकीत सापडत नाही. सापडतो तो पाचवा, ज्याला यातलं काहीच कुणी विचारलं नव्हतं.

मायकेल लिप्स्की या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञाने १९८० साली याच पाचव्या माणसावर सविस्तर लिहिलं. शिक्षक, पोलीस, कल्याण खात्यातले कर्मचारी अशी ती माणसं. कागदावरचं धोरण काहीही असो, लोकांच्या वाट्याला येतं ते या माणसांच्या हातून येतं, असं त्याचं म्हणणं. वेळ कमी, माणसं अमाप. मग कुणाचं प्रकरण पुढे घ्यायचं आणि कुणाला 'उद्या या' म्हणायचं, हे थोडंफार त्यांच्या हातात राहतंच. म्हणून तर काही खिडक्यांपुढे आपण एकदम मधाळ होतो. त्याला सौजन्य म्हणू नये. ते 'अडला हरी गाढवाचे पाय धरी' या सदरात जातं, आणि यातलं गाढव कोण हे आपण मनाशी ठरवून आलेलो आहोत, हे समोरच्याला बरोब्बर कळतं.

आपलं काही अडलेलं नसतं तिथे आपण कसे वागतो, हे जास्त बघण्यासारखं. सार्वजनिक इमारतीचा जिना पुसला जात असताना वरून उतरणाऱ्याने काय करावं? थांबावं. ओली पायरी वाळायला फार वेळ लागत नाही. पण बहुतेक जण 'जाऊ का?' असं विचारतात आणि विचारता विचारताच उतरतात. पुसणारी बाई फडकं बादलीत बुडवते, पिळते आणि परत तीन पायऱ्या वर जाऊन बुटांचे ठसे पुसायला लागते. काही जण तेवढंही विचारत नाहीत. फोनवरचं बोलणं न थांबवता बादलीला वळसा घालून जातात, जणू बादली आपली आपणच तिथे आली आहे. अर्व्हिंग गॉफमन या समाजशास्त्रज्ञाने १९५०च्या दशकात अशा वागण्याची नोंद करून ठेवली आहे. हजर असूनही लोक ज्यांना जमेस धरत नाहीत अशा माणसांबद्दल त्याने लिहिलं, आणि उदाहरण दिलं ते घरात वावरणाऱ्या नोकराचं, ज्याच्यासमोर मालक खुशाल काहीही बोलतात. एखाद्याला शिवी देताना निदान तो माणूस समोर आहे हे तरी मान्य करावं लागतं. इथे तेही नाही.

हे प्रकरण नुसतं मनाला लागण्यापुरतं राहतं असंही नाही. अमेरिकेतल्या मेंफिस शहरात १ फेब्रुवारी १९६८ला पावसापासून आडोसा म्हणून कचऱ्याच्या गाडीत मागे शिरलेले दोन सफाई कामगार दाबयंत्र अचानक सुरू होऊन चिरडले गेले. त्यानंतर सुमारे तेराशे कृष्णवर्णीय कामगार संपावर गेले. मागण्या पगाराच्या होत्या, सुरक्षिततेच्या होत्या, संघटनेला मान्यता मिळावी ही होती. पण मोर्च्यात त्यांनी गळ्यात अडकवलेल्या फलकांवर एवढंच लिहिलेलं होतं: 'मी माणूस आहे.' बापई गड्यांना 'ए पोरा' म्हणून हाक मारली जायची, त्याला दिलेलं ते उत्तर होतं. या संपाला पाठिंबा द्यायला आलेल्या मार्टिन ल्यूथर किंग यांची ४ एप्रिलला त्याच शहरात हत्या झाली.

आता सौजन्य म्हटलं की आपल्याला आधी शब्द आठवतात. कृपया, आभारी आहे, तसदीबद्दल क्षमस्व. शब्द चांगलेच आहेत, त्यांना नावं ठेवायचं कारण नाही. पण सेवा देणाऱ्या माणसांच्या बाजूने पाहिलं तर माझ्या मते सौजन्याचा मोठा भाग तोंडाने बोलायचा नसतोच, तो आधी करून ठेवायचा असतो. फुटलेला ग्लास तसाच पिशवीत टाकून, गाठ मारून, वर कचरा नेणाऱ्याला गोड हसून 'थँक यू' म्हणण्यात काय अर्थ? त्यापेक्षा काच जाड कागदात गुंडाळावी, वर ठळक अक्षरात 'काच' असं लिहावं आणि हसायचं राहून गेलं तरी चालेल. पिशवी उचलताना तो खालून हाताचा आधार देतो, आणि काच नेमकी तिथेच असते.

टपाल आणणाऱ्यासाठी सौजन्य म्हणजे दारावर वाचता येईल असा घर क्रमांक आणि बांधलेला कुत्रा. 'तो काही करत नाही हो' हे वाक्य कुत्र्याच्या मालकाने कितीही प्रेमाने म्हटलं तरी ते सौजन्यात मोडत नाही. नर्सबाईंसाठी म्हणजे रोजच्या गोळ्यांची नावं लिहून आणलेला कागद. 'ती पांढरी, छोटी, सकाळची' या वर्णनाच्या गोळ्या जगात पुष्कळ आहेत. आणीबाणीच्या क्रमांकावर फोन केला की आधी पत्ता सांगायचा आणि मग काय झालं ते, कारण फोन मध्येच तुटला तरी ठिकाण कळलेलं असेल तर मदत निघू शकते. तिथे नमस्कार-चमत्कार करत बसणारा माणूस दुसऱ्या टोकाच्या बाईंना घाम फोडतो.

अतिसौजन्याचाही एक उपद्रव असतो. खिडकीशी पोचल्यावर आतल्याची चौकशी करणारे, हवापाण्यावर बोलणारे, पिशवीतून कागद एकेक करून, त्यामागचा इतिहास सांगत काढणारे गृहस्थ मागे उभ्या असलेल्या प्रत्येकाशी उद्धटपणे वागत असतात, हे त्यांच्या गावीही नसतं. आतला माणूस बिचारा मान डोलावतो आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून रांग मोजतो.

आणि एक मागणी तर आपण उगीचच करतो, की समोरच्याने हसतमुख असावं. आर्ली हॉकशील्ड या समाजशास्त्रज्ञ बाईंनी १९८३ साली विमानातल्या कर्मचाऱ्यांच्या अभ्यासातून दाखवून दिलं, की चेहरा प्रसन्न ठेवणं, आतला वैताग गिळणं हेही कामच आहे आणि त्यानेही माणूस थकतो. तिकीट नीट मिळालं, शिक्का जागेवर बसला, सुट्टे पैसे बरोबर आले, एवढं झाल्यावर वर स्मितहास्यही हवं हा हट्ट कशासाठी? दुपारच्या चार वाजता कुणाचा चेहरा कसा असावा हे त्याचं त्याला ठरवू द्यावं. त्याला न हसण्याची मुभा देणं हेही मी सौजन्यातच धरतो.

तरी शब्द अगदीच फुकट जात नाहीत. ॲडम ग्रँट आणि फ्रान्सेस्का जीनो या दोन संशोधकांनी २०१०मध्ये आभारांवरचे काही प्रयोग प्रसिद्ध केले. नोकरीच्या अर्जाचं पत्र सुधारून देणाऱ्या लोकांना नुसती पोच दिली, तेव्हा पुन्हा मदत करायला ३२ टक्के तयार झाले. पोचेबरोबर दोन शब्द आभाराचे लिहिले, तेव्हा ६६ टक्के. मला त्यातला पुढचा भाग जास्त आवडतो. नंतर एका वेगळ्याच अनोळखी माणसाने मदत मागितली, तेव्हा आधी आभार न मिळालेल्यांपैकी २५ टक्के आणि मिळालेल्यांपैकी ५५ टक्के लोक मदतीला तयार झाले. म्हणजे खिडकीशी आपण आभार मानून निघतो आणि त्याचं व्याज रांगेत आपल्या मागे उभ्या असलेल्याला मिळतं. पुढच्या खेपेला माझ्या पुढे कोण उभं आहे याकडे मी म्हणूनच जरा लक्ष ठेवणार आहे.

मग तक्रार करायचीच नाही का? जरूर करावी. सौजन्य म्हणजे मुकाट्याने सोसणं नव्हे. फक्त ती पाचव्या माणसाच्या डोक्यावर फोडण्याऐवजी पहिल्या चौघांपर्यंत पोचेल असं बघावं. एका कार्यालयात रांग तासभर हलली नव्हती. माझ्या पुढच्या बाई खिडकीशी गेल्या. आता कडाक्याचं काहीतरी ऐकायला मिळणार म्हणून मागचे सगळे सरसावले. बाईंनी पर्समधून पेन आणि कोरा कागद काढला आणि विचारलं, "दादा, वर लेखी तक्रार द्यायची आहे. काय लिहू, म्हणजे तुमचंही काम होईल?"

आतल्या माणसाने मान वर केली. खुर्ची पुढे ओढली, इकडे-तिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाला, "ताई, आधी प्रिंटरचं लिहा. मग माणसं कमी आहेत ते. आणि हे भोक जरा वर पाडायला सांगा, माझी मान आखडते."