लिंक बायोमध्ये

जून लागला की पाऊस येवो न येवो, पुण्यातल्या मोबाईलवर ढोल वाजायला लागतात. वरून ड्रोन फिरतोय, खाली लक्ष्मी रस्त्यावर फेट्यांची रांग, ध्वज संथपणे वळतोय आणि ताशाची तर्री टिपेला पोचली की पडद्यावर अक्षरं उमटतात: 'नवीन वादक नोंदणी सुरू. लिंक बायोमध्ये.' ढोल-ताशा पथकांचा हा भरतीचा मोसम.

कंबर कुरकुरायला लागलेल्या जुन्या वादकांना पथकात बैठी कामं मिळतात. माझ्याकडे फॉर्म वाचायचं काम आहे, आणि त्यात भलती मजा येते. नाव, वय, रक्तगट, कुठलं वाद्य, पथकात का यायचंय. या शेवटच्या रकान्यात पूर्वी सगळे 'आवड' लिहून मोकळे व्हायचे. आता 'तुमची अलका चौकातली रील बघून' असं सरळ लिहितात. एकाने लिहिलं होतं, 'आई म्हणते घराबाहेर पड.' त्याला डोळे झाकून घेतला. वाद्याच्या रकान्यात ताशा आणि ध्वजावर उड्या, कारण कॅमेरा तिथेच असतो. आपणहून टोल, म्हणजे ठोक्याची घंटा, मागणारा अजून भेटायचाय.

आमचं इन्स्टाग्राम सांभाळतो तो इंजिनिअरिंगचा मुलगा. "पहिल्या तीन सेकंदांत ताशा आला नाही तर लोक पुढे सरकतात, दादा," हे त्याचं शास्त्र. (पथकात वय बघत नाहीत, सगळे दादा, नाहीतर ताई.) 'कानठळ्या बसतात, बंद करा' अशी कमेंट आली की मी चिडतो आणि तो खूश होतो. खाली भांडण पेटलं की रील आणखी लांब जाते म्हणे. 2024 च्या ऑगस्टअखेरीस हरित लवादाने पथकात 30 पेक्षा जास्त माणसं नकोत असा आदेश दिला, तेव्हा मात्र त्याचाही चेहरा पडला होता. एवढी भरती करून ठेवलेली, आता नाही कोणाला म्हणायचं? सप्टेंबरात, विसर्जनाच्या तोंडावर, सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती दिली आणि ढोल वाजवायचं टिपरू पुन्हा हातात आलं.

आमच्या वेळी भरती अशी नव्हतीच. ज्ञान प्रबोधिनी, रमणबाग, नूमवि ही शाळांची पथकं. तिथे शाळेची मुलं. बाकी ठिकाणी कोणाचा तरी मोठा भाऊ गाडीवर मागे बसवून न्यायचा. 'चल रे' एवढीच जाहिरात. आम्हाला त्याचं फार कौतुक, पण त्या गाडीवर जागा मिळायची ती गल्लीतल्याला. नांदेडहून येऊन वाकडला खोली घेतलेल्या मुलाला कोण 'चल रे' म्हणणार? लातूरची एक मुलगी हॉस्टेलवर राहून रील बघूनच आली. ढोलाचा दोर ती अशी आवळते की पेठेतल्या पोरांनी बघत राहावं. रीलला मी कितीही नावं ठेवली तरी हे तिचंच देणं.

नावं ठेवतो ते वेगळ्या कारणाने. नदीपात्रातली पत्र्याची शेड रीलमध्ये दिसत नाही. तिथे आधी नुसत्या टाळ्यांवर हात, म्हणजे वाजवायचे ठेके, पाठ करायचे, मग ढोल कमरेला बांधायचा. पहिल्या आठवड्यात अंगठ्याच्या बेचक्यात फोड येतो, तो फुटतो, त्यावर चिकटपट्टी लावून पुन्हा वाजवायचं. घरी गेल्यावर पाण्याचा तांब्या धरवत नाही. मिरवणुकीत तर वाजवण्यापेक्षा उभं राहणंच जास्त; पुढचं मंडळ हलेपर्यंत कमरेला ढोल आणि पोटात सकाळचे पोहे. राखीपौर्णिमेपर्यंत रीलवाल्यांतले निम्मे गळतात. कोणाची परीक्षा निघते, कोणाची आजी आजारी पडते. ग्रुपवरून मात्र कोणी बाहेर पडत नाही. तिथे फोटो येतात ना.

म्हणून यंदा हट्टाने एक रील टाकायला लावली. ड्रोन नाही, फेटे नाहीत. एकाने ढोल गुडघ्याने दाबून धरलाय, दुसरा दात-ओठ खाऊन दोर खेचतोय, घाम टपकतोय. म्हटलं, हे बघून जो येईल तो टिकेल. ती कोणी फारशी बघितली नाही. दोन दिवसांनी एकुलती एक कमेंट आली: 'दोर कुठून घेता? आमच्या मंडळाला पण हवाय.'

"दादा," आमचा इंजिनिअर म्हणाला, "वादक नाही, गिऱ्हाईक आलंय. दुकानाची लिंक टाकू का बायोमध्ये?"