चिंच लावलेला लिंकन

गॅरेज सेलमध्ये पाच डॉलरला एक बरणी मिळाली. लोणच्याच्या बरणीएवढी, आत गळ्यापर्यंत जुन्या पेन्या, म्हणजे अब्राहम लिंकनचा चेहरा असलेली अमेरिकेची एका सेंटची नाणी. रविवारची जेवणं उरकली की मी टेबलावर पेपर पसरून भिंग घेऊन बसतो, आणि घरातले मला तांदूळ निवडायलाही बसवतात. तेवढीच नजर तयार होते.

1909 ते 1958 च्या पेनीच्या पाठीवर गव्हाच्या दोन ओंब्या असतात. त्या बाजूला काढायच्या. 1943 ची दिसली की फ्रिजवरचा मॅग्नेटचा गणपती उतरवायचा. युद्धासाठी तांबं वाचवायला त्या वर्षी जस्ताचा मुलामा दिलेल्या पोलादी पेन्या पाडल्या. त्या गणपतीला टपकन चिकटतात. चुकून तांब्यामिश्रित पत्र्यावर पडलेल्या मोजक्या 1943 च्या पेन्यांना लाखो रुपये येतात, म्हणून लबाड लोक पोलादीवर तांबं चढवतात. बाप्पा त्यांनाही सोडत नाही.

तर बरणीच्या तळाशी 1909 ची निघाली. पाठीवर खाली अगदी बारीक व्हीडीबी, म्हणजे ती घडवणाऱ्या व्हिक्टर डेव्हिड ब्रेनरची आद्याक्षरं. फार ठळक वाटतात अशी ओरड झाली आणि काही दिवसांतच ती काढून टाकली. सॅन फ्रान्सिस्को टांकसाळीत तोवर अशी फक्त 4,84,000 नाणी पडली होती. त्यावर तारखेखाली एस असतो. माझ्या पेनीवर नव्हता. म्हणजे फिलाडेल्फियाच्या टांकसाळीतली, जवळपास 2 कोटी 80 लाखांतली एक. तरी काय झालं? शंभर वर्षांची चॉकलेटी झाक, गालाच्या हाडावर किंचित उजेड. बशीत ठेवून मी झोपलो.

सकाळी लिंकन नव्या नवरदेवासारखा गुलाबी. सहा महिन्यांसाठी आलेल्या आईने देवाचं ताम्हन घासता घासता त्यालाही चिंच-मीठ लावलं होतं.

"अरे, केवढा काळवंडला होता!"

नाण्यांच्या दुकानदाराने भिंगसुद्धा उचललं नाही. लांबूनच म्हणाला, "धुतलंय." मळ गेला की भाव गेला, हे आईला कसं सांगू? आयुष्यभर तिने उलटंच शिकवलं. आणि तशीही आतबट्ट्यात गेलेली रक्कम दोन पिझ्झ्यांएवढीच.

मी पेनी पुन्हा बशीत ठेवली. आईने जाता जाता वाकून पाहिलं. "चार दिवसांत परत काळं पडेल हं ते. सांग, घासून देईन."