तलवार आणि चहा

आज ऑफिसात काउंटीचे लॉर्ड लेफ्टनंट आले होते. म्हणजे ब्रिटनच्या राजाचे जिल्ह्यातले प्रतिनिधी. आम्हा चार इंटर्न्सना रांगेत उभं केलं होतं. गडद निळा युनिफॉर्म, पँटला लाल पट्टा, कमरेला खरी तलवार! खुर्चीत बसताना ती दोनदा टेबलाच्या पायावर आपटली, तेव्हा तेच आधी हसले. मग आमचंही दडपण गेलं.

माझ्या कोडबद्दल विचारलं, आणि मी घाईत 'थँक यू, सर' तीनदा म्हणाले. असो.

पद आठव्या हेन्रीच्या काळातलं, तेव्हा काम होतं सैन्य गोळा करण्याचं. ती जबाबदारी 1871 मध्ये गेली. आता राजघराण्यातलं कुणी आलं की स्वागत, पदकं-पुरस्कार देणं, असल्या भेटी. पगार शून्य, आणि 75व्या वर्षी निवृत्ती.

रात्री आईला फोनवर सांगितलं. "म्हणजे आपले पालकमंत्री?"
"नाही गं, यांच्याकडे निधीबिधी काही नसतो."
"मग लोक भेटायला कशाला जातात?"
उत्तर सुचलं नाही. फोटो पाठवला. तिचं पुढचं वाक्य: "केस जरा विंचरायचे होतेस."