तुम्ही विचारलंत म्हणून: ग्रँड कॅन्यन सोडून इथे कशाला?

फिनिक्सला आमच्याकडे पाहुणे आले की मी त्यांना मेक्सिकोच्या सीमेवरच्या डग्लस गावापुढच्या कच्च्या रस्त्याने जुन्या काळचा शेरीफ जॉन स्लॉटर याच्या सॅन बर्नार्डिनो रँचवर, म्हणजे गुरांच्या कुरणावर नेतो. गाडीत धुरळा शिरला की मागून ठरलेला प्रश्न येतो: "ग्रँड कॅन्यन सोडून इथे कशाला? आणि शेरीफ म्हणजे आपल्या मुंबईच्या नगरपालांसारखाच ना?"

नाही हो. मुंबईचं पद मानाचं. स्लॉटरला ॲरिझोनातल्या कोचीस काउंटीने (काउंटी म्हणजे आपला जिल्हा) १८८६ मध्ये मतं देऊन शेरीफ केलं, ते दरोडेखोर आणि गुरेचोर हुसकायला. याच काउंटीतल्या टूम्बस्टोन गावातली गाजलेली गोळीबाराची चकमक १८८१ची. सिनेमावाले तिथेच अडकून पडले. तिच्यानंतरही उरलेली गुंडगिरी १८८७ पासून चार वर्षं निस्तरली ती या बुटक्या, मितभाषी माणसाने. मुलूख सोड, नाहीतर गोळी, असा त्याचा खाक्या.

हे सगळं कायद्याच्या प्रेमापोटी? मला नाही वाटत. १८८४ मध्ये त्याने ही रँच घेतली होती, सुमारे ६५ हजार एकर, त्यातली बरीचशी मेक्सिकोत. चोर गुरं हाकत सीमा ओलांडायचे, आणि सीमा तर याच्याच कुरणातून गेलेली. शेरीफचा बिल्ला म्हणजे आपल्याच गोठ्याची राखण, वर काउंटीचा पगार! शिवाय तो स्वतः काही धुतल्या तांदळाचा नव्हता. न्यू मेक्सिकोत १८७६ मध्ये त्याच्या हातून एक माणूस मेला होता.

१९०६ मध्ये तो ॲरिझोना प्रांताच्या विधिमंडळावरही निवडून गेला. त्यात सांगण्यासारखं फारसं नाही.

सांगण्यासारखी आहे ती पॅची. १८९६ मध्ये अपाची या तिथल्या मूळ जमातीच्या एका तळावर त्याने छापा घातला, तेव्हा मागे राहिलेली वर्षा-दीड वर्षाची पोर तो घरी घेऊन आला. बायको व्हायोलाने ती वाढवली. 'सांभाळली' असं सगळे म्हणतात. 'उचलून आणली' हेही म्हणायला हवं. १९०० मध्ये पाणी उकळत ठेवलेल्या जाळाशी खेळताना तिच्या झग्याने पेट घेतला आणि ती गेली.

घरासमोर तळं आहे. या रखरखाटात पाणी बघून पाहुणे आधी चपला काढतात. तिथून दक्षिणेला बघितलं की सीमेवरची पोलादी भिंत दिसते. स्लॉटरची बरीचशी रँच तिच्या पलीकडे होती.