थोरल्या आबांची तारीख

आमच्या घरी थोरल्या आबांचा म्हाळ दरवर्षी सर्वपित्रीलाच व्हायचा. त्यांची तिथी कुणालाच माहीत नव्हती. थोरले आबा म्हणजे माझ्या आजोबांचे मोठे भाऊ. मराठा पलटणीत होते, लढाईत इटलीला गेले आणि परत आले नाहीत, एवढंच आम्हा पोरांना ठाऊक. तार आली होती. ती ट्रंकेत ठेवली आणि ट्रंकेला वाळवी लागली. थोरल्या आजीने मात्र तार येऊनही बारा वर्षं कुंकू पुसलं नाही. माती झालेली कुणी बघितली नाही, मग कशाच्या भरवशावर पुसू, असं ती म्हणायची. मी सात-आठ वर्षांची असताना ती गेली.

लंडनला येऊन मला आता नऊ वर्षं झाली. शेजारच्या आजींनी एकदा आपली वंशावळ दाखवली. 1841 च्या जनगणनेपर्यंत पोचल्या होत्या, तेही गल्लीतल्या लायब्ररीत बसून. इथल्या बहुतेक सार्वजनिक वाचनालयांत वंशावळीच्या पैसे भरायच्या वेबसाइट फुकट बघता येतात. माझ्या माणसांचं त्यात काही असणार नव्हतं. आपल्याकडे हे काम गावोगाव फिरून वंशावळ सांगणाऱ्या हेळव्याच्या तोंडी आणि त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत. पण थोरले आबा ज्या सरकारच्या पगारावर मेले, त्याची दफ्तरं माझ्या घरापासून तासाभराच्या अंतरावर होती. हे लक्षात यायला मला नऊ वर्षं लागावीत याचं वाईट वाटतं.

पहिल्यांदा ब्रिटिश लायब्ररीत गेले. सेंट पँक्रासच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आशिया-आफ्रिकेची वाचनखोली आहे, लंडनहून भारताचा कारभार बघणाऱ्या इंडिया ऑफिसची कागदपत्रं तिथे वाचायला मिळतात. कोट, पर्स सगळं खाली लॉकरमध्ये. वर न्यायची ती पारदर्शक पिशवी आणि शिसपेन्सिल, पेन चालत नाही. दोन शनिवार घालवल्यावर कळलं की तिथे सापडतात ते बहुतेक अधिकारी. साध्या जवानांची वैयक्तिक कागदपत्रं इंग्लंडमध्ये नाहीतच, ती भारतात पलटणीच्या रेकॉर्डमध्ये.

मग मोर्चा वळवला युद्धस्मशानांची देखभाल करणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या वेबसाइटकडे. तिथे नावाने शोधता येतं आणि पैसे लागत नाहीत. तरी आबा सापडेनात. कुणाला असा शोध घ्यायचा असेल तर ही एक गोष्ट ध्यानात ठेवा: त्या काळच्या कागदांत पलटणीचं नाव 'मराठा' असं नाही, 'एच' आणि दोन 'टी' घालून 'महरट्टा' असं आहे. तेवढं बदलल्यावर नावांची रांगच लागली. पुढची अडचण आमच्या आडनावातला 'ळ'. भरतीच्या वेळी कारकुनाच्या कानाला तो जसा लागला तसा त्याने लिहिला. मी 'एल' लावून बघितलं, 'आर' लावून बघितलं, शेवटी 'डी' लावला तेव्हा एक नोंद उघडली. गावाचं नावही असंच मोडलेलं, पण मोठ्याने वाचलं की आपलं गाव ऐकू यायचं. वडिलांचं नाव बरोबर. आणि त्यापुढे लिहिलेलं: अमुकचा नवरा. थोरल्या आजीचं नाव होतं ते. इंग्रजी अक्षरांत, एक मात्रासुद्धा न चुकता.

तारीख 9 डिसेंबर 1943. स्मारक: सांग्रो रिव्हर, इटली.

लंडनच्याच क्यू भागातल्या राष्ट्रीय दप्तरखान्यात पलटणीची युद्धरोजनिशी मिळाली. तिथेही पेन्सिलच, पण फोटो काढू देतात. पहिली मराठा बटालियन आठव्या इंडियन डिव्हिजनमध्ये होती, आणि नोव्हेंबरच्या अखेरीस ही फौज पुराने फुगलेली सांग्रो नदी ओलांडून उत्तरेला सरकत होती. पाऊस, चिखल, खचलेले रस्ते. पानं भरभर उलटत 9 तारखेला आले. अधिकाऱ्यांची नावं लिहितात, जवानांचा आकडा. 'आय. ओ. आर.' म्हणजे इंडियन अदर रँक्स, आणि त्यापुढे मेलेल्यांची संख्या. त्या संख्येतला एक आमचा. मी त्या ओळीवर बोट ठेवून बराच वेळ बसले होते.

पण निदान स्मारकावर तरी नाव आहे. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, मेलेल्या आपल्या हजारो जवानांना तेही मिळालं नाही. बसऱ्याच्या स्मारकावर हिंदी शिपायांचे पलटणीवार आकडेच कोरले गेले. कमिशनने या वेगळ्या वागणुकीबद्दल माफी मागितली ती 2021 मध्ये. आपल्याकडच्या कितीतरी गावांत 'या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले' अशा संगमरवरी पाट्या आहेत, त्यांवरही आकडेच. ही नावं शोधायला हवीत असं मला मनापासून वाटतं, आणि अजून शोधता येतील.

गेल्या नोव्हेंबरात इटलीतल्या पेस्काराला विमानाने गेले. तिथून समुद्राच्या कडेकडेने रेल्वे, मग टॅक्सी. सगळीकडे ऑलिव्हची झाडं. सांग्रो रिव्हरच्या स्मशानभूमीत सुमारे 2,600 थडगी, अधिकारी असो की शिपाई, दगड सारखाच. हिंदू-शीख जवानांना त्यांच्या धर्माप्रमाणे अग्नी दिला होता, म्हणून त्यांची नावं आतल्या वेगळ्या स्मारकावर, पलटणीप्रमाणे. तिथे वाचताना परकं वाटतच नाही. शिंदे, पवार, मोरे, जाधव, कदम. सातारा, रत्नागिरी, कोल्हापूरची गावजेवणाची पंगत बसावी तशी नावं.

आबा खालून तिसरे. मी कागद नावावर धरला आणि क्यूहून उरलेली तीच पेन्सिल आडवी फिरवली. एकेक अक्षर पांढरं उमटत गेलं. थंडीने हात कापत होते, म्हणून 'डी' जरा तिरपा आला.

याच देशात माँतोने गावाजवळ 10 जुलै 1944 ला रायगडचे नाईक यशवंत घाडगे पडले. त्यांना व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं सर्वोच्च शौर्यपदक मिळालं, पण थडगं नाही. नाव कासिनोच्या स्मारकावर आहे. माँतोनेकरांनी 2023 मध्ये त्यांच्या नावाने सूर्यघड्याळ उभारलं. तिथेही जायचं आहे.

तारखेवरून पंचांग बघून घेतलं. त्या वर्षी दत्तजयंती 11 डिसेंबरला होती, म्हणजे आबा गेले ते दत्तजयंतीच्या दोन दिवस आधी, मार्गशीर्षात. स्मशानातूनच आत्याला फोन लावला. ती आता ब्याऐंशीची आहे, थोरल्या आजीच्या मांडीवर वाढलेली. अग्नी दिला होता हे आधी सांगितलं. "म्हंजे लाकडं मिळाली," ती म्हणाली आणि गप्प झाली. मग तारीख सांगितली, तिथी सांगितली. यंदापासून श्राद्ध त्याच तिथीला करू म्हणाली.

फाटकाजवळच्या भिंतीत एक छोटं कपाट असतं, त्यात नोंदवही ठेवलेली असते. ती उघडून आबांची नोंद तिला वाचून दाखवली. नाव, नंबर, पलटण, बापाचं नाव, बायकोचं नाव, गाव.

"थोरल्या आयचं नाव लिवलंय त्यात?"

"हो आत्या, लिहिलंय."

"वाच बरं परत."

मी परत वाचलं.

"आजून एकदा वाच."