अनुदान मिळतं ना, मग वर्गणी कशाला?

वाचनालयाची वर्गणी मागायला गेलं की चहा हमखास मिळतो आणि चहाबरोबर हा प्रश्नही. तुम्ही विचारलंत म्हणून सविस्तर सांगतो. गावच्या वाचनालयाचा कार्यवाह या नात्याने हिशेब माझ्याच हातात असतो.

आमचं वाचनालय ‘ड’ वर्गात, म्हणजे सगळ्यात खालच्या वर्गात आहे. महाराष्ट्रात शासनमान्य सार्वजनिक ग्रंथालयांचे अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि अनुदान वर्गावर ठरतं. ‘ड’ वर्गाला वर्षाला 30 हजार मिळायचे. 2022 मध्ये सरकारने अनुदानात 60 टक्के वाढ केली, तेव्हा ते 48 हजार झाले. ऐकायला बरी वाटते रक्कम. पण यातली निम्मी वेतनावर आणि निम्मी वेतनेतर बाबींवर खर्च करायची असा नियम आहे. म्हणजे वेतनाला 24 हजार, महिन्याला 2 हजार. वाढीच्या आधी तर महिन्याला साडेबाराशेच हाती यायचे.

एवढ्या पैशांत आमच्या ग्रंथपाल ताई काय काय करतात ते एकदा संध्याकाळी येऊन बघा. कुलूप उघडून आधी झाडलोट, मग वर्तमानपत्रं मांडणं. नवीन पुस्तक आलं की दाखलनोंद रजिस्टरमध्ये क्रमांक, लेखक, प्रकाशक, किंमत, बिलाचा नंबर आणि तारीख लिहायची. शीर्षकपानावर शिक्का मारायचा, शिवाय आतल्या एका ठरलेल्या पानावरही, म्हणजे कुणी पहिलं पान फाडलं तरी पुस्तक ओळखू येतं. अधूनमधून देवघेव चालूच असते. “मागच्या वेळचं पुस्तक आणलंस का रे?” असं त्या प्रत्येक पोराला विचारतात आणि नसेल आणलं तरी दुसरं देतात. अशा माणसाच्या हातावर महिन्याला 2 हजार ठेवताना मला लाज वाटते. म्हणून वर्गणीतला पहिला वाटा त्यांच्या मानधनात जातो.

उरलेल्या 24 हजारांत पुस्तकं, वर्तमानपत्रं, मासिकं, वीजबिल, बांधणी, स्टेशनरी, ऑडिटची फी, सगळं आलं. शिवाय अनुदान हप्त्यांनी येतं. पेपरवाला आणि वीज कंपनी दर महिन्याला पैसे मागतात. मधले महिने वर्गणीच निभावून नेते.

हे असं का, त्याचं मूळ 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियमात आहे. तमिळनाडू, कर्नाटकात मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतात, तो पैसा ग्रंथालयांसाठीच असतो. आपल्या कायद्यात उपकर नाही. गावोगावच्या संस्थांनी वाचनालय चालवावं आणि सरकारने हातभार लावावा, अशी आपल्याकडची रचना. मला ती मनापासून आवडते, कारण त्यामुळे वाचनालय गावाचं राहतं. पण हातभार महागाईप्रमाणे आपोआप वाढत नाही. प्रत्येक वाढीसाठी निवेदनं द्या, मोर्चे काढा, अधिवेशनाची वाट बघा, हे चालूच.

त्याहून जास्त सलते ती वर्गाची गोष्ट. 2012 मध्ये महसूल यंत्रणेकडून राज्यभरच्या ग्रंथालयांची पडताळणी झाली. काही ठिकाणी फक्त पाटी होती, वाचक नव्हते. अशांवर कारवाई व्हायलाच हवी होती. पण त्यानंतर नवीन मान्यता आणि वर्गवाढ दोन्ही थांबली, ती दहा वर्षांहून जास्त काळ. आमच्याकडे या काळात सभासद वाढले, कपाटं वाढली, स्पर्धा परीक्षेची मुलं अभ्यासाला बसू लागली. वर्ग मात्र ‘ड’चा ‘ड’. कागदोपत्री चालणाऱ्यांना चाप लावताना खरोखर चालणाऱ्यांनाही तिथेच अडवलं, हे धोरण म्हणून चूकच होतं. पडताळणीत जी उत्तम ठरली त्यांना त्याच वर्षी वरचा वर्ग द्यायला हवा होता. निदान यापुढे तरी दर काही वर्षांनी ठरलेल्या वेळी तपासणी व्हावी आणि तिच्यावरून वर्ग वरही जावा, खालीही यावा.

आणि हो, अनुदान बंद पडलं तर वाचनालय बंद पडेल का, असंही काहीजण विचारतात. मुलांची पुस्तकं घेणं थांबेल आणि दोन वर्तमानपत्रं कमी करावी लागतील. दार उघडंच राहील, पण त्यासाठी तुमची वर्गणी लागेल. पावतीपुस्तक ताईंच्या टेबलावर असतं.